अकरा हजार फ्लॉप्यांची जागा

संतोषला यातून मिळवायचं होतं ते एवढंच, की थोरल्या भावानं एकदा तरी मान खाली घालावी. खराडीतली नोकरी, हप्त्यावरची गाडी, गळ्यातलं ओळखपत्र, सगळं दाखवून झालं होतं. उत्तरेश्वर वर बघून "बरं" म्हणायचा आणि पुन्हा भरतकामाच्या मशीनवर वाकायचा. मान खाली जायची, पण मशीनपुढं.

आज दसरा. खंडेनवमीला बंद ठेवलेलं मशीन बिबवेवाडीच्या गाळ्यात सकाळीच सुरू करायचं होतं. चारच्या आत मच्छिंद्रच्या बँडवाल्यांच्या बारा कोटांवर मोर काढायचे होते. संध्याकाळी देवीच्या मिरवणुकीत ते मोर दिसले, की लग्नसराईचं सगळं काम याच गाळ्यात येणार. नाही दिसले, तर चौकात नवं दुकान होतंच. मच्छिंद्र स्वतः स्टुलावर येऊन बसला होता.

उत्तरेश्वरनं पूजेतली फ्लॉपी उचलली, कपाळाला लावली आणि मशीनमध्ये सरकवली. मशीन जुनं, नक्षी फ्लॉपीवरूनच वाचायचं.

कर्र. कर्र. सुई जागची हलली नाही.

"फ्लॉपी!" संतोष हसला. गाडीची किल्ली त्यानं बोटावर फिरवली. किल्लीला पेनड्राइव्ह होता. "दादा, असल्या अकरा हजार मावतात ह्याच्यात."

"आम्हाला मोर बाराच हवेत," मच्छिंद्र म्हणाला.

उत्तरेश्वरनं फ्लॉपी बाहेर काढली. पत्र्याची झडप सरकवली. तळहातावर लाल भुकटी पडली. मोराची दुसरी फ्लॉपी पावसाळ्यात बुरशीनं गेली होती, तेव्हाच शहाणपण करून त्यानं हिची कॉपी गणपतीत भावाकडं देऊन ठेवली होती.

"लाव तुझा पेनड्राइव्ह," तो म्हणाला. "त्यातनं नव्या फ्लॉपीवर घेऊ."

संतोषनं किल्ली फिरवायची थांबवली.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लागला. पडद्यावर सिनेमे आले, गोव्याचे फोटो आले. संतोषनं यादी खाली नेली, वर आणली, पुन्हा खाली नेली. मच्छिंद्रनं घड्याळाकडं पाहिलं.

"दादा, ते... मित्राच्या लग्नाचा व्हिडिओ घ्यायचा होता. जागा लागली."

"अकरा हजारांची जागा," उत्तरेश्वर सावकाश म्हणाला, "आणि त्यात माझ्या एकीची अडचण झाली?"

नक्षी नव्यानं बनवून देणारा माणूस सणाला गावी गेलेला.

"आत कुंकू कुणी घातलं?" उत्तरेश्वरनं विचारलं.

काल उत्तरेश्वर झेंडू आणायला गेला, तेव्हा संतोषनंच झडप अंगठ्यानं सरकवून चिमूट सोडली होती. "आजीबाईंनापण नटवू या," म्हणाला होता. "आत जाईल हो, भाऊजी," असं दीपमाला म्हणाली, तर म्हणे, "जाऊ दे की वहिनी, कॉपी हाय माझ्याकडं."

दीपमालानं दिराकडं पाहिलं. माणसाला तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तिनं दिला. संतोष मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता.

"माझ्या हातनं पडलं," ती म्हणाली.

"तुझ्या हातनं? अक्कल गहाण टाकली होतीस का? एवढी वर्षं ह्या मशीनवर जेवतीयस, आणि कुंकू कुठं लावायचं ते कळंना?" आवाज शेजारच्या गाळ्यापर्यंत गेला. मग तो मच्छिंद्रकडं वळला आणि हात जोडून त्यानं मान खाली घातली. "मालक, चुकलं आमचं."

"हात जोडून मोर उठतो का, उत्तरेश्वर?" मच्छिंद्र उभा राहिला. "मिरवणूक काय तुमच्या फ्लॉपीसाठी थांबणार नाही. पुढं मी चालतो. निदान माझ्या कोटावर तरी मोर दिसू दे. चारला माणूस पाठवतो. लग्नसराईचं... बघू."

तो गेला. त्याचा कोट घेऊन दीपमाला दारात बसली. मागल्या वर्षीच्या कोटाचा मोर असलेला फाटका खिसा नमुन्याला समोर धरला आणि सुईत हिरवा दोरा ओवला. हातानं मोर काढून तिला बरीच वर्षं झाली होती. पहिल्याच टाक्याला सुई बोटात गेली. बोट तोंडात घालून तिनं दुसरा टाका घातला.

हिशेब तसा सरळ होता. थोरल्यानं मान खाली घातली होती, ती धाकट्यानं डोळ्यांनी पाहिली. त्याचा खर्च वहिनीच्या नावावर पडला.

संतोष तिच्यासमोर दारात येऊन उभा राहिला. काहीतरी म्हणायचं होतं त्याला.

"वहिनी..."

"भाऊजी, उजेड अडतोय," ती वर न बघता म्हणाली. "तेवढी तरी जागा सोडा."