बुटांचे तळ

उन्हाळ्याच्या सुट्टीतला नववा डोंगर उतरून तरुण शिक्षिका घरी आली आणि दारात बूट काढताना थबकली. शेजारीच नवऱ्याचे बूट उलटे पडले होते, लग्नानंतर दोघांनी हौसेने घेतलेले. पहिल्याच चढावर त्याला धाप लागली, बरोबरचे शिक्षक ताटकळले आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ‘घरच्यांना नेत नाहीत’ अशी थाप मारून ती एकटीच जायची. मग त्याच्या बुटांचे तळ इतके झिजले कसे? समोरच्या काकूंनी दारातूनच सांगितलं, “अगं, तू डोंगरावर गेलीस की तुझा नवरा बूट चढवून दिवसभर जिना चढतो-उतरतो. अशाने जिनाच झिजायचा.” आतून तो ओशाळं हसत म्हणाला, “आता पाच मजले न थांबता चढतो. घरच्यांना कधी नेणार, विचारशील?” खोटं बोलणाऱ्या मुलांना ती वर्गाबाहेर उभं करायची. बूट हातात घेऊन ती दाराबाहेरच उभी राहिली.