माफीला कारण लागत नाही

“आधी अपील मागे घे,” म्हातारी सेफेरिना म्हणाली. “शिक्षा पक्की झाल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांना माफी देता येत नाही. घटनेतच तसं लिहिलंय.”

“तुम्ही घटना कधीपासून वाचायला लागलात, नानाय?” मकारिओनं विचारलं. नानाय म्हणजे आई; लहानपणापासून तो तिला तसंच हाक मारायचा.

“तू आत आल्यापासून.”

फिलिपिन्समधल्या त्या तुरुंगात भेटीच्या खोलीत पंखा होता, पण तो फक्त पहारेकऱ्याकडे तोंड करून फिरत होता. म्हातारीनं केळीच्या पानात बांधलेला सुमान सोडून मकारिओपुढे सरकवला. चिकट भाताचा हा गोड प्रकार त्याला लहानपणापासून आवडायचा. तिचे हात मात्र स्वस्थ नव्हते. पानाचा दोरा तिनं बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

या बाईच्या थोरल्या मुलाचा, फिदेन्सिओचा, खून केला म्हणून मकारिओला जन्मठेप झाली होती. तालच्या तळ्यात दोघांचे मासे पाळायचे जाळीचे पिंजरे शेजारीशेजारी. कोंबड्यांच्या झुंजीवरून दोघांचं वाजलं, ‘तुला बघून घेईन’ असं मकारिओ चारचौघांत बोलून बसला, आणि दुसऱ्या दिवशी फिदेन्सिओ पिंजऱ्याच्या जाळ्यात मेलेला सापडला. कोर्टाला आणखी काय हवं होतं? मी मारलं नाही, असं मकारिओ पहिल्या दिवसापासून सांगत होता. तसं सगळेच कैदी सांगतात.

आणि त्याला सोडवायला धावत कोण होतं, तर मेलेल्याची आई. माफी मंडळाकडे तिनं खेपा घातल्या, बिशपना गाठलं. राष्ट्राध्यक्ष बातांगासला आले तेव्हा गर्दीत घुसून तिनं त्यांचा हातच धरला. बिशप तिला संत म्हणाले. संतांनाही रांग चुकत नाही. आज ती सकाळपासून तुरुंगाच्या दारात उभी होती. नाताळात माफी मिळणाऱ्यांत मकारिओचं नाव धरलेलं होतं. घोडं अडलं होतं ते अपिलापाशी.

“वकीलबाई म्हणतात, आपण अपील जिंकू,” मकारिओ म्हणाला. “नावाडी साक्ष द्यायला तयार झालाय. त्या दिवशी पिंजऱ्यांकडे त्यानं दुसऱ्याच कुणाला तरी नेऊन सोडलं होतं. कुणाला, ते कोर्टातच सांगीन म्हणतो.”

“तो दारुडा? बाटली दाखवली तर मलासुद्धा सोडलं म्हणेल.” म्हातारी उठली, खिडकीपाशी गेली आणि लगेच परत येऊन बसली. “कोर्टाचं काय खरं आहे? वर्षानुवर्षं चालेल. तुझी पोरगी परवा मला विचारत होती, बाबांचे केस सरळ आहेत की कुरळे. काय सांगू तिला?”

मकारिओनं डोक्यावरून हात फिरवला. तुरुंगात त्याचा चकोट केलेला होता.

“घे की रे माफी,” पहारेकरी मध्येच म्हणाला. “मी काही केलेलं नसलं तरी माझी सासू मला माफ करत नाही. तुझ्यासाठी तर ही आई दारात उभी आहे.”

“माफी म्हणजे केलेल्याची माफी,” मकारिओ म्हणाला. “ती घेतली की मी खुनी ठरलो, कायमचा. मला कोर्टाच्या तोंडून ऐकायचंय, की हा तो नव्हे.”

“कोर्ट तेवढ्यावर थांबतं का? हा नव्हे म्हटलं की मग कोण, ते आलंच. पुन्हा पोलीस, पुन्हा साक्षी, माझ्या लेकराचे फोटो पुन्हा सगळ्यांपुढे. मला नाही सोसायचं ते आता. राष्ट्राध्यक्षांचं तसं नसतं. त्यांनी सही केली की माणूस घरी. का सोडला, हे त्यांना कुणी विचारत नाही आणि तेही कुणाला काही विचारत नाहीत.”

मकारिओनं सुमानचा तुकडा मोडला. मग त्यानं विचारलं, “रुबेन आलाय?”

“बाहेर आहे, जीपमध्ये.”

तिचा धाकटा मुलगा रुबेन दर खेपेला आईला जीपनं आणायचा, पण आत कधी पाऊल टाकायचा नाही. भावाच्या खुन्याचं तोंड त्याला बघवत नाही, असं गाव म्हणे. मकारिओलाही त्यात वावगं वाटत नसे.

“बरा आहे ना?”

“कसला बरा. जेवत नाही, झोपत नाही. घरभर येरझाऱ्या घालतो. मकारिओ, तुम्हा दोघांनाही यातून सोडवायचंय मला.” तिनं त्याचा हात धरला. “फिदेन्सिओच्या ताटाला ताट लावून तू माझ्या घरी जेवलायस. तू त्याला मारलं नाहीस. मला माहीत आहे ते.”

एवढ्या वर्षांत त्या घरातलं कुणी हे बोललं नव्हतं. मकारिओला रडू आवरेना. जे कोर्टाकडून ऐकायचं म्हणून तो अडून बसला होता, ते या बाईनं दिलं. आता आणखी कुणाकडून काय हवं होतं?

“वकीलबाई ओरडतील,” तो डोळे पुसत म्हणाला.

“ओरडू देत. तू घरी ये.”

त्यानं पहारेकऱ्याकडून पेन घेतलं आणि तिनं पुढे केलेल्या, अपील मागे घेण्याच्या अर्जावर सही केली. साक्षीदार म्हणून पहारेकऱ्यानं केली. म्हातारीनं मकारिओच्या कपाळाला ओठ टेकले आणि ती जवळजवळ धावतच बाहेर पडली.

रुबेननं जीपचं दार आतून उघडलं. त्याचा चेहरा घामानं डबडबला होता.

“केली सही?”

“केली.”

“आणि नावाडी?”

“आता त्याला कोण बोलावतंय? कोर्ट विचारणार नाही, पोलीस विचारणार नाहीत.”

रुबेननं गाडी सुरू करायला हात पुढे नेला. आईनं त्याचा हात किल्लीवरच दाबून धरला.

“पण मी विचारणार आहे, रुबेन. भावाला का मारलंस?”