एका वर्षाचा थर
धनुष्याच्या पाठीवर झाडाच्या एकाच वर्षाच्या वाढीचा थर अखंड राहावा लागतो. तो कापला, की धनुष्य मोडलंच म्हणून समजा. सासऱ्यांनी तोडलेल्या, टोकांना मेण फासून आठ वर्षं सुकवलेल्या लाकडाचा हा शेवटचा दांडा होता. त्यांचे हात आता थरथरायचे, म्हणून दोन मुठींची सुरी सुनेकडे आली. थर सोलता सोलता मधोमध गाठ लागली. "तासून सपाट कर की," नवरा म्हणाला. "आधी तुमचं नाक तासू?" म्हणत तिने गाठीवरचा थर टेंगळासकट जपला. दोरी चढवल्यावर नवऱ्याने डोळे मिटून ती कानापर्यंत ओढली. लाकूड करकरलं, वाकलं, पण मोडलं नाही. सासऱ्यांनी टेंगळावरून अंगठा फिरवला. "छान झालंय हो, सूनबाई," ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी कुणालाच छान म्हटलं नव्हतं. नवऱ्याने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.