भुऱ्याचा घास

बाराचा भोंगा वाजला आणि वच्छलानं दूधभाकरीचं ताट पुन्हा एकदा भुऱ्या कुत्र्यापुढे सरकवलं. भुऱ्यानं ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि दाराकडे तोंड करून बसून राहिला. दोन दिवस त्याच्या पोटात कण नव्हता. आणि तिकडे मोठ्या दवाखान्यात तिच्या नवऱ्याला आता ऑपरेशनला आत घेतलं असणार.

हे सगळं तिच्या नवऱ्यानं, रुपरावानंच करून ठेवलं होतं. आधीच्या कुत्र्याला कोणीतरी लाडवातून विष घातलं, तेव्हापासून त्यानं भुऱ्याला कडक शिस्त लावली. जेवण भोंग्यावर. परक्याच्या हातचं खायचं नाही. आणि घरच्यानंही "रुपरावचं हाय, खाय" म्हटल्याशिवाय ताटाला तोंड लावायचं नाही. गल्लीभर मिशीला पीळ देत सांगायचा, "घरचं माणूस माह्यं नाव घेईन, तवाच भुऱ्या खाईन!" घरात माणसं दोनच. त्यातल्या दुसऱ्या माणसानं लग्नातल्या उखाण्यानंतर बावीस वर्षांत नवऱ्याचं नाव एकदाही उच्चारलेलं नाही, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

शेजारची प्रयागबाई भिंतीवरून डोकावली. "अजून नाही खाल्लं? मी म्हणून पाहू काय?"

"काल म्हटलं तं तुह्या अंगावर धावला न."

"मंग तूच म्हण ना वं."

"आज?" वच्छलाचा आवाज चिरकला. "तिकडे त्यायचं पोट फाडून राहिले, अन् मी नाव घेऊ? नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणतात."

"मंग उखाण्यात घे. उखाण्यातलं नाव लागत नाही."

वच्छलानं चुलीपासून दारापर्यंत येरझारा घातल्या. दवाखान्यात भेटायला गेलं की नवरा पहिलं विचारी, "भुऱ्यानं खाल्लं काय?" दोन्ही दिवस ती खोटं बोलली होती. आज शुद्धीवर आला की तेच विचारणार. पण आला नाही तर? तिनं तो विचार तिथंच तोडला, डोक्यावरून पदर घेतला आणि नव्या नवरीसारखी कुत्र्यापुढे बसली.

"ज्वारीची भाकर, वर दुधाची साय..." ती अडली. मग डोळे मिटून एका दमात म्हणाली, "रुपरावचं हाय, भुऱ्या, आता तरी खाय!"

भुऱ्याचे कान उभे राहिले. त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं. प्रयागबाई हसत होती, आणि वच्छला पदरानं डोळे पुसत होती.

चार वाजता, भेटीच्या वेळेला, दवाखान्याच्या दारात नर्सनं वच्छलाला अडवलं. "कोणाकडे? पेशंटचं नाव सांगा."

भरती करताना नाव प्रयागबाईच्या नवऱ्यानं सांगितलं होतं. आज बरोबर कोणीच नव्हतं. मागे माणसांची रांग लागली होती, आणि उखाणा काही सुचत नव्हता.

"रुपरावची हाय मी," वच्छला म्हणाली.

नर्स आत जाऊन आली. "शुद्धीवर आलेत. हा भुऱ्या कोण हो? सारखं विचारून राहिलेत, त्यानं खाल्लं काय म्हणून."

वच्छला बाकावर बसली.

"खाल्लं म्हणा त्यायले," ती म्हणाली. "आज खरंच खाल्लं."