उलटी फिरवलेली सतार

रेडिओवर गाणं सुरू झालं, तसे संगीतकार कोतवाल शेजारच्या प्रधानांच्या सतरंजीवर आणखी आखडून बसले. श्रोत्यांनी हे गाणं पुन्हा मागितलं नाही, तर रेकॉर्ड कंपनी त्यांना दुसरं देणार नव्हती.

पहिलं कडवं संपलं. आता त्यांनी हट्टानं ठेवलेला तुकडा आला, टेप उलटी फिरवून घेतलेली सतार. सदुसष्ट साली भावगीतात असलं काही कुणी ऐकलं नव्हतं.

"खरखर लागली वाटतं," म्हणत प्रधान उठले आणि त्यांनी रेडिओला दोन थपडा घातल्या. मग स्टेशनचा काटा मागेपुढे केला. तेवढ्यात दुसरं कडवं लागलं.

"बघा, आला की नाही वठणीवर!" प्रधान खूश झाले.

गाणं संपल्यावर कोतवाल कसेबसे म्हणाले, "बिघाड नव्हता तो. सतार मी मुद्दाम उलटी ठेवलीय."

कोतवाल जायला उठले.

"मुद्दाम?" प्रधानांच्या पत्नी नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही थपडा मारत बसलात! कोतवाल भाऊजी, उद्या परत लावतील का हो? ह्यांना मी भाजी आणायला पाठवते."