साहेबांची गाडी

पाटोद्यातल्या नव्या सभागृहापुढच्या वाहनतळात रॅम्पला लागून असलेली रुंद जागा दिव्यांगांची होती. जमिनीवर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्रही होतं. आज त्या चित्रावर साहेबांची पांढरी गाडी रॅम्पचं तोंड अडवून ऐसपैस उभी होती. आत दिव्यांगांचं शिबिर चाललं होतं आणि स्पीकरवर गहिनीनाथचंच नाव पुकारत होते. हातानं पायडल मारत तीनचाकी घेऊन आलेल्या गहिनीनाथच्या पायांत जीव नव्हता, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाडी काढ बे," तो ड्रायव्हरवर ओरडला.

"साहेबांची गाडी हाय. ती हलत न्हाई. तू तिकडं लिंबाखाली लाव."

"तिथून इथवर सगळी खडी हाय. रांगत येऊ का?"

"ये की. आज पहिल्यांदाच रांगणार हायेस व्हय?"

गहिनीनाथनं तीनचाकी वळवून साहेबांच्या गाडीमागं आडवी लावली, ब्रेक ओढला आणि हाताची घडी घालून बसला.

थोड्या वेळानं हार गळ्यात घेऊन साहेब बाहेर आले. ड्रायव्हर धावला. "ए, सरक! साहेबांना निघायचंय!"

"न्हाई हलत. ही बी साहेबांचीच गाडी हाय," गहिनीनाथ म्हणाला आणि त्यानं अंगठ्यानं पाठीमागचा पत्रा दाखवला.

पत्र्यावर साहेब हात जोडून हसत होते. खाली लिहिलं होतं, 'वाढदिवसानिमित्त दिव्यांग बांधवास सप्रेम भेट.'