पाशाच्या कोटाचं अस्तर

इन्शिराहनं कोटाचं अस्तर परत उसवलं. कापसाचा आणखी एक थर आत सरकवायचा, वरून बारीक टाके मारायचे आणि संध्याकाळचा पडदा वर जायच्या आत कोट जागेवर टांगायचा. कपडेपटाच्या दाराला आतून कडी होती, तरी बाहेर पाऊल वाजलं की ती कोट मांडीखाली दडवायची.

कोट नाटकातल्या पाशाचा होता आणि पाशाचं काम करायचे रुश्दी बदरावी. एवढा गोलमटोल आणि एवढा लाडका नट कैरोत दुसरा नव्हता. पहिल्या अंकाच्या शेवटी पाशा रागानं श्वास भरायचा, पोट फुगायचं आणि कोटाचं बटण तुटून थेट प्रेक्षकांत उडायचं. लोक त्या बटणासाठी पुन्हापुन्हा यायचे. इन्शिराह ते मुद्दाम कच्च्या धाग्यानं शिवायची, बाकी करामत पोटाची. पोटाला कापूस बांधणाऱ्या नटांना रुश्दी ‘गाद्या’ म्हणायचे आणि स्वतःच खदाखदा हसायचे.

मग त्याच पोटात गाठ निघाली. रुश्दींनी ते फक्त इन्शिराहला सांगितलं. गल्लीतल्या शिंप्याकडे काजं करत बसलेल्या या मुलीला नाटकात आणलं होतं त्यांनीच. आता सगळ्या नाटकाची वेशभूषा तिच्याकडे होती. दर आठवड्याला इस्पितळात जाऊन सुई घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण अंग झडायचं थांबेना. एका प्रयोगाला पाशानं श्वास भरला, पुन्हा भरला, आणि बटण जागचं हललंच नाही. थिएटरात कुणी हसलं नाही.

निर्माते हाजी मुतवल्ली दुसऱ्याच दिवशी इन्शिराहकडे आले. पाशा वाळलाय, म्हणाले, आणि वाळका पाशा बघायला कोण येतंय? पुन्हा असं झालं तर दुसरा नट बघून ठेवलाय. रुश्दींच्या कानावर ते गेलंच. रंगपटात ते तोंड पाडून बसले होते.

“पोरी,” ते म्हणाले, “हे काम गेलं तर मग जगायचं तरी कशाला?”

म्हणून हा कापूस. बाहेरून कोट तसाच गरगरीत, आतून अंगाला घट्ट. रुश्दींना सांगायची सोय नव्हती. आपणही गादीच झालो हे कळलं असतं, तर म्हाताऱ्यानं रंगमंचावर पाऊल ठेवलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बटण पुन्हा उडायला लागलं. घरी ते दिवसभर ढगळ गलाबियात, पायघोळ झग्यात असायचे, त्यात काय कळणार? बायको कधीच गेलेली, लेक कुवेतला. माणसाला जे बघायचं नसतं ते त्याला दिसतही नाही. इन्शिराहनं सय्यदा झैनबच्या दर्ग्याला नवस बोलला होता. पण दर खेपेला कापूस जास्त लागायचा.

दार वाजलं. तिनं घाईनं शेवटचा टाका मारला, कडी काढली. रुश्दी आत आले, आज अगदी खुशीत. त्यांनी कोट अंगात चढवला, पोट आत ओढून बटण लावलं आणि आरशासमोर मिरवले.

“कालची सुई घेतलीत ना, काका?” तिनं नेहमीसारखं विचारलं. एरवी ते ‘तू तुझं शिवण बघ’ म्हणून विषय टाळायचे. आज हसले.

“कसली सुई? कधीच सोडली.”

“सोडली? डॉक्टर सोडा म्हणाले?”

“तो काय म्हणणार? तोच म्हणाला होता, औषध लागू पडलं नाही तर अंग झडेल. झडलंय का? हा कोट बघ, उलटा दिवसेंदिवस घट्ट होतोय. त्या सुईनं दोन-दोन दिवस ओकाऱ्या व्हायच्या, प्रयोग कसा करायचा मी? बरा झालोय, पोरी. कोट काय खोटं बोलतोय?”

इन्शिराहनं त्या घट्ट बटणाकडे बघितलं. या माणसाला जगवायला म्हणून ती टाके घालत बसली होती, आणि प्रत्येक टाक्यानं त्याला मारत होती. बाहेर पहिली घंटा झाली. आता बोललं तर आजचा प्रयोग गेला, काम गेलं, म्हाताऱ्याचा सगळा मान गेला. तिला रडू फुटलं. तिनं कात्री उचलली.

“उतरवा तो.”

काही न समजून त्यांनी कोट काढून दिला. तिनं मानेपासून खालपर्यंत अस्तर टराटरा फाडलं. कापूस बाहेर आला, मग आणखी आला, तिच्या पायाशी ढीग झाला. रिकामा कोट तिनं त्यांच्या अंगावर परत चढवला. खांदे खाली ओघळले. बटण लावलं तरी आत आणखी एक माणूस मावला असता.

रुश्दी आरशात बघत राहिले. तिला वाटलं, आता शिव्या देतील, निदान ओरडतील. ते कष्टानं खाली वाकले आणि जमिनीवरचा सगळा कापूस हळूहळू गोळा करून त्यांनी पोटाशी धरला.

“एवढा?” त्यांनी विचारलं. “पोरी, एवढा मी आधीच गेलो?”